वाटाड्याबरोबर मेळघाटात

महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवर सातपुडा पर्वत पूर्वपश्चिम पसरलेला आहे. अमरावती जिल्ह्यात या पर्वताची जी रांग येते, तिला गाविलगडचे डोंगर म्हणतात. दक्षिणेला वऱ्हाडचे काळे, सपाट, कपाशीचे रान. उत्तरेला तापीचे खोरे. आणि या दोहोंच्या मध्ये एकापुढे एक उभ्या ठाकलेल्या डोंगरांच्या ओळी. या डोंगरांतून वळणे घेत जाणारे घाट जेथे एकमेकांस मिळतात, तो प्रदेश मेळघाट. घाटांचा मेळ तो मेळघाट, अशी या नावाची फोड सांगतात. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या या डोंगरांतून वाहतात व पुढे तापीला मिळतात. नद्यांच्या काठाने आणि डोंगरांच्या उतारावर सागाचे अरण्य पसरलेले आहे, आणि त्या अरण्यात वाघ, बिबळ्या, रानगवा, अस्वल, सांबर असे नाना तऱ्हेचे वन्य प्राणी वसती करून आहेत.

पर्वताची शोभा आणि अरण्यातील प्राणिजीवन ही दोन्ही एकाच दिवसात पाहता येतील अशी ठिकाणे थोडीच असतात. मेळघाट त्यांपैकी एक आहे. सकाळी सेमाडोहच्या बाजूने अरण्यात शिरावे, दुपारी सिपनेच्या काठी विसावा घ्यावा आणि उन्हे कलताना चिखलदऱ्याच्या पठारावर चढावे, असा क्रम पुष्कळ प्रवासी ठेवतात. परंतु या अरण्यात मनाला येईल तसे हिंडता येत नाही. वनखात्याचा परवाना घ्यावा लागतो, ठरलेल्या वाटेनेच जावे लागते आणि बरोबर एक वाटाड्या असावा लागतो. प्रथम येणाऱ्यास हे बंधन वाटते. वाघ पाहायचा तर डोळे आपले आहेत, वाटाड्या कशाला, असे त्याच्या मनात येते. दिवस मावळेपर्यंत मात्र त्याच्या ध्यानात येते, की डोळे आपले असले तरी दृष्टी वाटाड्याची होती.

हे वाटाडे, ज्यांना हल्ली सर्रास 'गाईड' म्हणतात, बहुधा मेळघाटातल्याच गावांचे तरुण असतात. त्यांच्यापैकी पुष्कळ जण कोरकू समाजाचे आहेत. कोरकू लोकांची भाषा मराठीहून अगदी निराळ्या कुळातील आहे. झारखंड, ओडिशा या बाजूस संथाळी, मुंडारी या ज्या भाषा बोलल्या जातात, त्यांच्या मुंडा कुळातील ती सर्वांत पश्चिमेकडील भाषा होय. वाघाला कोरकू भाषेत 'कुला' म्हणतात; आणि त्याचे नाव आदराने घ्यायचे तर 'कुलामामा'. ज्याचे भय वाटते त्यालाच मामा म्हणून घरात घेण्याची ही रीत मोठी अर्थपूर्ण आहे. पिढ्यान्पिढ्या ज्यांनी या अरण्यातून लाकूडफाटा, मोहफुले, मध आणि औषधी मुळ्या गोळा केल्या, त्यांच्या मुलांना अरण्याची अक्षरओळख निराळी करून द्यावी लागत नाही.

फाल्गुनाचे दिवस असतात. पहाटेचा गारवा अजून अंगाला बोचत असतो. तपासणी नाक्यावर नावे लिहिली जातात आणि उघडी जिप्सी हळूहळू अरण्यात शिरते. निघण्यापूर्वी वाटाडे काही गोष्टी बजावून सांगतात. गाडीतून खाली उतरू नये. उभे राहून आरडाओरडा करू नये. भडक रंगाचे कपडे किंवा उग्र वासाची अत्तरे वापरू नयेत. वानरांना खाऊ घालू नये. काडी ओढू नये, कागद वा प्लॅस्टिकची पिशवी टाकू नये. या नियमांपैकी एकही निष्कारण केलेला नाही. वन्य प्राण्यांना गाडीची सवय झालेली असते. गाडी म्हणजे त्यांच्या लेखी एक मोठा, निरुपद्रवी प्राणीच. परंतु तिच्यातून माणूस उभा राहिला की तिचा आकार बदलतो आणि जनावर बिचकते. वानरांना एकदा आयते अन्न मिळू लागले की ती झाडे सोडून रस्त्यावर येऊन बसतात आणि वाहनांखाली सापडतात. आणि पानगळीच्या दिवसांत एक जळती काडी सारा डोंगर पेटवावयास पुरेशी होते.

या ऋतूत सागाची ताटाएवढी पाने गळून जमिनीवर त्यांचा थर साचलेला असतो. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात तांबडा होतो, ही गंमत अरण्याजवळच्या मुलांना ठाऊक असते. सागाच्या जोडीला ऐन, धावडा, मोह, टेंभुर्णी, सालई आणि बांबूची बेटे दिसतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी फाटलेली असते. काही ऐनवृक्षांच्या बुंध्यात उन्हाळ्यातही पाणी साठलेले असते, हे जाणत्या वनवासीयांना ठाऊक आहे. मधूनच एखादे पांढऱ्याशुभ्र खोडाचे झाड पर्णहीन फांद्या पसरून उभे असते. ते कांडोळाचे झाड. चांदण्या रात्री ते दुरून पाहिले म्हणजे याला भुताचे झाड का म्हणतात ते सांगावे लागत नाही. आणि या करड्या, वाळलेल्या रानात पळस मात्र पेटलेल्या निखाऱ्यांप्रमाणे फुललेला असतो.

गाडी धुळीच्या रस्त्याने जात असते. एकाएकी वाटाड्या हात वर करतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, "जरा थांबा जी." प्रवासी उजवीकडे पाहतात, डावीकडे पाहतात, कोठे काही दिसत नाही. वाटाड्याची नजर मात्र झाडीकडे नसून जमिनीकडे असते. धुळीत एक ठसा उमटलेला असतो. चार बोटे आणि त्यांच्या मागे रुंद गादी. नखांचे चिन्ह कोठेच नाही. वाघ, बिबळ्या, मांजर ही जनावरे चालताना नखे आत ओढून घेतात. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांना ते साधत नाही, म्हणून त्यांच्या ठशात नखांची टोके दिसतात. ठसा मोठा व चौरस असला तर तो बहुधा नराचा, किंचित लांबट असला तर मादीचा. त्याच्या कडा रेखीव असतील आणि त्यावर एकही पान पडलेले नसेल, तर जनावर नुकतेच गेले असावे. त्यावरून किड्यांच्या सरपटण्याच्या रेघा गेल्या असतील, तर ते रात्रीच केव्हातरी गेले. अशा रीतीने धुळीचा रस्ता म्हणजे रात्री लिहिलेली एक रोजनिशी असते. ज्याला लिपी येते तो ती सकाळी वाचतो. ज्याला येत नाही त्याची गाडी तिच्यावरून निघून जाते.

ठशांइतकेच आवाजही बोलके असतात. झाडाच्या शेंड्यावर वानरांचा एखादा टेहळ्या बसलेला असतो. त्याला उंचावरून दूरवर दिसते. खाली चितळांचा कळप चरत असतो. चितळांचे नाक तिखट, वानरांचे डोळे तिखट. वानरे पाने व फळे खाताना निम्मी खाली टाकतात, ती चितळांना मिळतात. आणि संकटाची चाहूल ज्याला प्रथम लागेल तो दुसऱ्याला सावध करतो. वाघ वा बिबळ्या दिसताच वानर 'खॅक्-खॅक्' असे खाकरते, चितळ तीक्ष्ण स्वरात ओरडते, भेकर कुत्र्यासारखे भुंकते आणि सांबर 'ढाँक्' असा घुमणारा आवाज काढून जमिनीवर खूर आपटते. हे आवाज वाटाडे फार लक्षपूर्वक ऐकतात, आणि सर्वांवर सारखा विश्वास ठेवीत नाहीत. चितळ भित्रे, ते कधी कधी उगाचच बिचकते. सांबर मात्र सहसा खोटी हाक देत नाही. पुन्हा पुन्हा एकाच बाजूने सांबराची हाक येऊ लागली, म्हणजे तिकडे वाघ चालतो आहे असे समजावे. अशा वेळी गाडीचे यंत्र बंद करून स्तब्ध बसण्यापरता दुसरा उपाय नसतो. गप्पा मारणाऱ्या प्रवाशांना अरण्यातील हे संभाषण कधीच ऐकू येत नाही.

पुढे एका वळणावर झाडी संपते आणि गवताचे मोठे मोकळे कुरण लागते. तेथे रानगव्यांचा कळप चरत असतो. गवा हा जगातील वन्य गोवंशात आकाराने सर्वांत मोठा. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी सुमारे सहा फूट उंच असतो आणि त्याचे वजन हजार किलोग्रॅमपर्यंत भरू शकते. काळसर तुकतुकीत अंग आणि गुडघ्यांपासून खाली पांढरे पाय. जणू त्याने पायमोजेच घातले आहेत. इतके बलाढ्य जनावर, पण चाहूल लागताच एक जोराचा फुत्कार टाकून सारा कळप झाडीत शिरतो, आणि क्षणापूर्वी तेथे एवढी जनावरे होती याची खूण केवळ हलणाऱ्या बांबूंवरून पटते.

अशा कुरणांपैकी कित्येकांच्या जागी एके काळी शेते होती. अरण्याच्या गाभ्यात कोरकूंची गावे होती. ज्वारी, कोदो, कुटकी पिकत होती. गुरे चरत होती. वाघांना व गव्यांना निर्वेध जागा मिळावी म्हणून या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत कोहा, कुंड आणि बोरी ही गावे अरण्याबाहेर नेऊन वसवण्यात आली; त्यानंतर आणखीही गावे हलली. माणसांनी सोडलेल्या शेतांत गवत वाढले, गवतावर गवे व सांबरे आली आणि त्यांच्या मागोमाग वाघ आला. अरण्याच्या दृष्टीने हा मोठा लाभ झाला. परंतु ज्यांनी पूर्वजांचे देव, चुली आणि मोहाची झाडे मागे ठेवून नव्या जागी बिऱ्हाडे मांडली, त्यांच्या दृष्टीने तो सोपा सौदा नव्हता. नव्या जागी मिळालेले पाणी, जमीन व रोजगार यांविषयी तक्रारी झाल्या, वादही झाले. कुरणावर चरणारा गवा पाहून प्रवासी हरखून जातो; त्या कुरणाची किंमत कोणी दिली आहे, हेही त्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

मोहाच्या झाडाखाली वाटाड्या पुन्हा गाडी थांबवतो. मोहाची रसाळ फुले पहाटे टपटप गळतात. कोरकू बायकामुले उजाडण्याच्या आधी टोपल्या घेऊन ती वेचावयास निघतात. आणि त्याच वेळी त्याच फुलांच्या वासाने अस्वलही तेथे येते. अस्वलाची नजर मंद, पण नाक अतिशय तीव्र. वाऱ्याची दिशा उलटी असली तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि मग घाबरून ते अंगावर धावते. वाघापेक्षा अस्वलाला अधिक जपावे, असे जंगलात राहणारे लोक म्हणतात ते यामुळेच. वारुळांना पडलेली भगदाडे हीही अस्वलाची खूण. त्याच्या वरच्या जबड्यातील मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते नळीने ओढावी तशी वाळवी ओढून घेते. मोहफुले वेचण्यास जमीन स्वच्छ हवी म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत होती, आणि त्यातून पुष्कळदा वणवे लागत. हे टाळण्यासाठी उन्हाळ्यापूर्वी वनखाते रानातून जाळरेषा आखते. म्हणजे जमिनीचे लांब पट्टे पाचोळा जाळून मोकळे करून ठेवते. आग तेथपर्यंत आली की तिला पुढे खाद्य मिळत नाही.

ऊन जरा वर आले की एखाद्या निष्पर्ण फांदीवर मूठभर आकाराचा, वाटोळ्या डोक्याचा एक पक्षी बसलेला दिसण्याचा संभव असतो. तो रानपिंगळा. घुबडांची जात रात्री हिंडणारी. हा मात्र दिवसा शिकार करतो. त्याची कथा मोठी चमत्कारिक आहे. या पक्ष्याचे पहिले वर्णन १८७३ साली प्रसिद्ध झाले. १८८४ नंतर तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही, आणि तो जगातून नाहीसा झाला असे समजले जाऊ लागले. मध्यंतरी १९१४ साली गुजरातेत तो मिळाल्याची नोंद एका इंग्रज संग्राहकाने केली होती. पण ती खोटी होती. दुसऱ्याचा जुना नमुना चोरून त्याने त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. या लबाडीमुळे शोध करणारे कित्येक वर्षे भलत्याच ठिकाणी हिंडत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयांतील नमुने बारकाईने तपासून ती लबाडी उघडकीस आणली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी हा पक्षी पुन्हा शोधून काढला. ११३ वर्षे हरवलेला हा पाखरू मग मेळघाटातही आढळला. तो कोठे गेला नव्हता. योग्य ठिकाणी पाहणारे डोळे तेवढे तेथे पोचले नव्हते.

या साऱ्या फेरीत वाघ दिसेलच असे नाही. मेळघाट हा डोंगराळ, दाट झाडीचा प्रदेश आहे. येथील वाघाला लपावयास हजार जागा आहेत, आणि तो माणसांच्या दृष्टीस सहसा पडत नाही. पण तो येथे आहे, ही गोष्ट लहान नाही. १९७२ साली मोजणी झाली तेव्हा साऱ्या भारतात अवघे १,८२७ वाघ असल्याचे आढळले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. त्यासाठी प्रारंभी जी नऊ अरण्ये निवडली गेली, त्यांत महाराष्ट्रातील मेळघाट हे एकच होते. पुढे चोरट्या शिकारीमुळे व जंगलतोडीमुळे पुन्हा घट झाली. २००६ च्या गणनेत सुमारे १,४११ वाघ उरल्याचा अंदाज निघाला. त्यानंतर अधिक कसोशीने काम झाले आणि २०२२ च्या गणनेत हा आकडा सुमारे ३,६८२ पर्यंत वाढला. पूर्वी ठशांवरून वाघ मोजीत. पण एकाच वाघाचे ठसे मऊ व कठीण जमिनीवर निराळे उमटत असल्याने चुका होत. आता वाटांवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे बसवतात. दोन माणसांच्या बोटांचे ठसे जसे सारखे नसतात, तसे दोन वाघांच्या अंगावरचे पट्टेही सारखे नसतात. त्यांवरून एकेक वाघ ओळखता येतो.

मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा विस्तार सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर असून त्यापैकी सुमारे १,५०० चौरस किलोमीटर हा गाभा आहे. गाभ्याच्या फार थोड्या भागातच प्रवाशांना जाता येते, आणि पावसाळ्यात त्या वाटाही बंद असतात. बाकीचे अरण्य वन्य प्राण्यांच्या एकांतासाठी राखलेले आहे. घरी पाहुणा आला तर त्याला ओसरीवर बसवतात, माजघरात नेत नाहीत. तशातलाच हा प्रकार होय.

दुपारी प्रवासी कोलकासला येतात. सेमाडोहहून हरिसालकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या वळणावर हे ठिकाण आहे. टेकाडावरच्या विश्रामगृहासमोर उभे राहिले म्हणजे खाली नदीचा वाकडा प्रवाह, त्याच्या दोन्ही काठांची गर्द झाडी आणि पलीकडे एकामागे एक निळसर होत गेलेले डोंगर दिसतात. या दिवसांत ओढे आटलेले असतात. नदीतील खोल डोह तेवढे भरलेले. साऱ्या अरण्याचा व्यवहार मग या डोहांभोवती चालतो. त्यांच्या काठच्या ओल्या मातीत चितळ, सांबर, साळिंदर, मोर अशा कितीतरी पाहुण्यांच्या हजेरीच्या सह्या असतात.

भोजनानंतर गाडी पुन्हा सेमाडोहवरून चिखलदऱ्याच्या घाटाला लागते. जसजशी चढण होते तसतशी हवा गार होत जाते. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर चढून गेल्यावर उष्णतामान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. चिखलदरा १,११८ मीटर उंचीवर आहे, अमरावती सुमारे साडेतीनशे मीटरवर. म्हणून खाली वऱ्हाड उन्हाने भाजून निघत असताना वर चार-पाच अंशांचा दिलासा असतो. येथे इंग्रजी अमदानीत लावलेले कॉफीचे मळे अजूनही आहेत. या दरीत भीमाने कीचकाला मारून टाकले, म्हणून ही कीचकदरा, आणि तिचेच पुढे चिखलदरा झाले, अशी दंतकथा लोक सांगतात. भीमाने जेथे हात धुतले ते भीमकुंड. तेथे पावसाळ्यात पाण्याचा प्रचंड लोट खोल दरीत कोसळतो. फाल्गुनात मात्र काळ्या कड्यावर ओलीचा एक पट्टा तेवढा उरतो. हे काळे कडे म्हणजे ज्वालामुखीचा रस. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त रस पुन्हा पुन्हा वाहिला, थरावर थर निवत गेला आणि दख्खनचे हे दगड बनले. डोंगरांच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्याच होत.

पंचबोल नावाचे येथे एक स्थळ आहे. कड्याच्या टोकावर उभे राहून हाक दिली तर ती पाच वेळा परत ऐकू येते, असे सांगतात. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. समोरचे डोंगर कमीअधिक अंतरावर असल्याने कोणावरून तो आधी परततो, कोणावरून मागाहून. म्हणून एकाच हाकेची अनेक उत्तरे येतात. वाटाडे मात्र एकदा हाक दिल्यावर दुसऱ्यांदा देऊ देत नाहीत. कड्याकपारींत राहणाऱ्या पक्ष्यांना दिवसभर चालणारा हा खेळ सोसत नाही.

जवळच गाविलगडचा किल्ला आहे. बहमनी सुलतान अहमदशहा याने तो १४२५ च्या सुमारास बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने तटाला खिंडार पाडून तो घेतला. आज त्या तटांवर गवत वाढले आहे आणि बुरुजांवर वानरांच्या टोळ्या पहारा करतात. ज्यांनी किल्ला बांधला, ज्यांनी राखला आणि ज्यांनी जिंकला, ते सर्व गेले. अरण्याने आपली जागा शांतपणे परत घेतली.

संध्याकाळी पठाराच्या कडेवर उभे राहिले म्हणजे दक्षिणेकडे वऱ्हाडचे मैदान दूरवर पसरलेले दिसते. येथूनच या अरण्याचे खरे महत्त्व ध्यानात येते. या डोंगरांच्या दक्षिण उतारावर चंद्रभागा, शहानूर अशा नद्या उगम पावतात व पूर्णेला मिळतात. पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. म्हणजे डोंगराच्या उत्तरेला पडलेला थेंब असो वा दक्षिणेला, शेवटी तो तापीतच जातो. झाडांची मुळे आणि पाचोळ्याचा थर हे पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि हळूहळू झऱ्यांना सोडतात. अरण्य नसेल तर तेच पाणी एका दिवसात माती घेऊन वाहून जाईल. खालच्या मैदानात जो शेतकरी विहिरीवर संत्र्याची बाग फुलवतो, त्याने कदाचित जन्मात वाघ पाहिला नसेल. परंतु वाघाच्या निमित्ताने राखलेल्या डोंगराचे पाणी तो रोज पीत असतो.

दिवस मावळतो. "दादा, आज वाघ काही दिसला नाही," असे एखादा प्रवासी हिरमुसून म्हणतो. वाटाडे यावर बहुधा हसतात. "तुम्हाला नाही दिसला जी, त्याने तुम्हाला पाहिलं असेल," हे त्यांचे ठरलेले उत्तर असते. त्यात थट्टा असली तरी खोटेपणा नसतो. अरण्यात माणूस पाहणारा असतो, तसाच पाहिला जाणाराही असतो. तो कसा बोलतो, काय टाकतो, कोठे थांबतो, याची नोंद तेथे होत असते.

एका दिवसाच्या फेरीने कोणी वनविद्येत निष्णात होत नाही. पण धुळीतील ठसा, सांबराची हाक, वारुळाचे भगदाड आणि कड्याचा थर यांना अर्थ आहे, एवढे कळले तरी तो दिवस सार्थकी लागला. हा अर्थ ज्यांना पूर्वापार ठाऊक आहे, ते वाटाडे या अरण्याचे खरे राखणदार आहेत. प्रवाशांनी दिलेल्या पैशातून त्यांच्या घरची चूल पेटते, आणि ज्याच्या घरची चूल जिवंत अरण्यावर पेटते, तो त्या अरण्याला काडी लागू देत नाही. मेळघाटचे अरण्य टिकणार असेल तर ते नुसत्या कायद्यांनी वा कुंपणांनी टिकणार नाही. घरचा माणूस आणि बाहेरून आलेला पाहुणा या दोघांनीही आपापली मर्यादा सांभाळली, तरच ते टिकेल.